इझाबेल युपेरच्या कमी पाहिल्या जाणाऱ्या भूमिका: कोणत्या क्रमाने आणि कशा पाहायच्या

इझाबेल युपेर या फ्रेंच नटीचे चित्रपट पाहायचा बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी ‘द पियानो टीचर’ (2001), मग ‘एल’ (2016), मग "बाई थंड आहे, असल्याच भूमिका करते" असा शेरा आणि विषय संपला. 2019 मध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला जीवनगौरव पुरस्कार दिला गेला. त्यानंतर तिच्याकडे वळलेले बरेच प्रेक्षकही याच दोन चित्रपटांपाशी थांबलेले दिसतात. शंभराहून जास्त चित्रपट केलेल्या नटीबद्दल दोन चित्रपटांवरून मत बनवायचं, तेही दोन्ही टोकाचे, म्हणजे जरा घाईच झाली.

दुसरी चूक बरोबर उलटी. उत्साहाच्या भरात सगळी यादी उतरवून घ्यायची आणि सत्तरच्या दशकापासून ओळीने सुरू करायचं. सुरुवातीच्या काही चित्रपटांत तिला जेमतेम काम आहे. चौथ्या-पाचव्या चित्रपटाला कंटाळा येतो आणि यादी तशीच पडून राहते.

खाली दिलेला क्रम सनावळीचा नाही. एका भूमिकेवरून तुम्ही तिच्याबद्दल जे ठरवाल, ते पुढच्या भूमिकेने मोडावं अशा बेताने तो लावला आहे. सात चित्रपट आहेत. आठवड्याला एक पुरे (चौथ्या टप्प्यातली जोडी तेवढी अपवाद), सलग बसून पाहिलेत तर सगळे चेहरे एकमेकांत मिसळतील.

## 1. नाव आणि प्रत तपासा

निम्मा गोंधळ इथेच होतो. आडनावाचा उच्चार ‘युपेर’ असला तरी रोमन लिपीत ते ‘एच’ने सुरू होतं. ‘यू’ टाइप करून शोधलंत तर भलतंच काही हाती लागेल.

चित्रपटांच्या नावांची कथा याहून वाईट आहे. एकाच चित्रपटाला फ्रेंच नाव असतं, इंग्रजी नाव असतं, कधी कधी देशागणिक तिसरंही असतं. ‘कू द तॉर्शों’ इंग्रजीत ‘क्लीन स्लेट’ होतो. ‘मेर्सी पूर ल शोकोला’ काही ठिकाणी ‘नाइटकॅप’ म्हणून मिळतो. ‘लाव्हनीर’चं इंग्रजी नाव ‘थिंग्ज टू कम’, आणि त्याच नावाचा 1936 चा एक ब्रिटिश विज्ञानपटही आहे. त्यामुळे शोधताना तीन गोष्टी एकत्र द्या: मूळ फ्रेंच नाव, साल, दिग्दर्शक.

मग लांबी पाहा. एरवी हे फारसं महत्त्वाचं नसतं, पण मायकेल चिमिनोच्या ‘हेवन्स गेट’सारख्या (1980) चित्रपटात फार असतं. तो आधी 219 मिनिटांचा होता, नंतर कापून 149 मिनिटांवर आणला. युपेर त्यात वायोमिंगमधल्या कुंटणखान्याची मालकीण आहे. तास-सव्वा तास कापलेल्या चित्रपटावरून कुणाच्याही अभिनयाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. हा चित्रपट आपल्या सातांत नाही, पण पुढे कधी पाहाल तेव्हा 2012 ची दुरुस्त केलेली लांब आवृत्तीच घ्या.

तपासा: मूळ आवाज आहे ना? डब केलेली प्रत असेल तर सोडून द्या. युपेरचं निम्मं काम आवाजात असतं. सबटायटल्स इंग्रजी चालतील. मराठी मिळण्याची आशा धरू नका.

मूबीसारख्या स्ट्रीमिंगच्या ठिकाणची यादी सारखी बदलत असते, म्हणून जो दिसेल तो राखून ठेवा. पण क्रम मोडून लगेच पाहायला बसू नका. पुण्या-मुंबईत असाल तर आलियाँस फ्राँसेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था आणि फिल्म सोसायट्या यांच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा. मोठ्या पडद्यावर मिळाला तर मात्र क्रम खुशाल मोडा.

## 2. पाहण्याची तयारी

मोबाइलवर पाहू नका. हा नखरा नाही. युपेर चेहऱ्यावर फार थोडं करते आणि सहा इंची पडद्यावर ते थोडंही उरत नाही. मग "ती काहीच करत नाही" हा शेरा येतो, आणि पाहणाऱ्याच्या बाजूने तो खराही असतो.

परीक्षणं आधी वाचू नका. तिच्याबद्दल लिहिणारे ‘गूढ’, ‘अथांग’, ‘धाडसी’ हे शब्द इतके सैल वापरतात की तुम्हीही तेच शोधायला लागता.

एक वही जवळ ठेवा, पण चित्रपट चालू असताना लिहू नका. संपल्यावर फक्त दोन गोष्टी टिपा: तिच्या हातात काय होतं, आणि समोरचा बोलत असताना ती काय करत होती. अख्खा लेख या दोन प्रश्नांवर उभा आहे. ‘तिला काय वाटत होतं’ हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. सवयीने तोच आधी मनात येतो आणि युपेरच्या बाबतीत तोच माणसाला भरकटवतो.

सावधान: घरच्यांसोबत पाहणार असाल तर ‘कोपाकाबाना’ आणि ‘लाव्हनीर’ निश्चिंत लावा. ‘कू द तॉर्शों’ मोठ्यांनीच पाहावा. ‘एल’ आणि ‘द पियानो टीचर’ एकट्याने पाहिलेले बरे.

## 3. पहिला चित्रपट: ‘ला दाँतलिएर’ (1977)

इंग्रजीत ‘द लेसमेकर’, दिग्दर्शक स्विस क्लोद गोरेत्ता. पॅरिसच्या सलूनमध्ये काम करणारी एक अबोल मुलगी, सगळे तिला पॉम म्हणतात. मैत्रिणीबरोबर ती नॉर्मंडीच्या काबूर या समुद्रकाठच्या गावी सुट्टीला जाते. तिथे तिला साहित्य शिकणारा, सुखवस्तू घरातला फ्राँस्वा भेटतो. गोष्ट एवढीच आहे, आणि ती कुठे जाणार याचा अंदाज तुम्हाला लवकर येईल. येऊ द्या.

सुरुवात इथून करायची कारण इथे लपायला काही नाही. गुन्हा नाही, विकृती नाही, टाळीचं वाक्य नाही. पॉम फार बोलतच नाही.

इथे होणारी चूक म्हणजे पॉमला ‘बिचारी’ ठरवून मोकळं होणं. एकदा बिचारी म्हटलं की पाहणं थांबतं, नुसती कणव उरते. त्याऐवजी असं करा: फ्राँस्वा बोलायला लागला की त्याच्याकडे पाहूच नका. तो बराच बोलतो, काही चुकणार नाही. ती ऐकते कशी, ते पाहा. नुसतं ऐकणं, न कळता ऐकणं आणि कळत नाही हे लपवत ऐकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रपटात त्या तिन्ही येतात. कोणती कुठे येते, हे तुमचं तुम्ही शोधा.

आता एक दृश्य जवळून पाहू. समुद्रकाठच्या उंच कड्यावर फ्राँस्वा तिला डोळे मिटायला सांगतो. मग लांब उभा राहून नुसत्या शब्दांनी तिला चालवतो, आणि ती कड्याच्या दिशेने चालत राहते. पाहणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, त्यामुळे सगळं लक्ष कड्याच्या काठाकडे जातं. दृश्य परत लावा आणि या वेळी काठ विसरा. फक्त तिची पावलं पाहा: वेग कुठे कमी होतो का? हात चाचपडत पुढे येतात का? मान कुठे वळते? मग स्वतः डोळे मिटून घरातल्या घरात दहा पावलं चाला. आपलं शरीर किती राखून चालतं ते समजेल, आणि विश्वास ठेवणारी माणसं नुसत्या चालण्यातून कशी दाखवता येतात तेही.

शेवटचा शॉट पूर्ण संपेपर्यंत उठू नका.

तपासा: पॉमबद्दल तुम्ही टिपलेल्या वाक्यांत ‘निरागस’, ‘बिचारी’ असे शब्दच जास्त असतील आणि एकही कृती नसेल, तर पुढे जाऊ नका. मधला अर्धा तास परत पाहा.

## 4. शाब्रोलची जोडी

फ्रेंच दिग्दर्शक क्लोद शाब्रोलबरोबर युपेरने 1978 ते 2006 या काळात सात चित्रपट केले. सगळे पाहायची गरज नाही. दोन पाहा, पण जोडीने, एकाच आठवड्यात.

आधी ‘ला सेरेमनी’ (1995). फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या एका श्रीमंत घरात साँद्रीन बोनेरची सोफी ही मोलकरीण कामाला लागते. गावातल्या पोस्टात काम करणारी जान, म्हणजे युपेर, तिची मैत्रीण होते. इथे ‘थंड बाई’ हे मत पहिल्यांदा मोडतं. थंड आहे ती बोनेर. युपेर बडबडी, आगाऊ, चौकस आहे, लोकांची पत्रं फोडते, शाळकरी पोरीसारख्या वेण्या घालते आणि कुठेही गेली तरी जागेवर स्थिर राहत नाही. चर्चच्या मदतकार्यासाठी आलेले जुने कपडे दोघी निवडायला बसतात, ते दृश्य पाहा. देणगीत आलेला एकेक कपडा जान कसा उचलते आणि कसा भिरकावते, त्यात तिचा अख्खा वर्गद्वेष दिसतो. भाषणाची गरजच पडत नाही.

मग ‘मेर्सी पूर ल शोकोला’ (2000). स्वित्झर्लंडमधल्या लोझानची मिका म्युलर, चॉकलेट कंपनीची वारसदार. घर सुंदर, नवरा पियानोवादक, वागणं अतिशय सौजन्याचं. रात्रीचं गरम चॉकलेट ती स्वतः करते. जान जितकी पसरट, तितकी ही आटोपशीर. एका दृश्यात तिच्या हातून चॉकलेट सांडतं. ते सांडलं की सांडवलं, हे पाहायचं तर नजर कपावर ठेवून भागत नाही. त्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत ती कुणाकडे पाहते आणि तिचा दुसरा हात कुठे आहे, ते बघा. चित्रपटभर तिचं विणकाम चालू असतं, त्याच्यावरही लक्ष ठेवा.

दोन्ही झाल्यावर वहीत फक्त या प्रश्नाचं उत्तर लिहा: दोघींपैकी खोटं कोण जास्त सहज बोलतं? उत्तर कोणतंही असो, पुराव्याला एक दृश्य द्या.

सावधान: शाब्रोलमध्ये ‘तिने असं का केलं?’ याचं सरळ उत्तर मिळत नाही. ते हुकलं म्हणून पटकथा कच्ची आहे, असं समजू नका. आपल्याला लहानपणीच्या आघाताचा फ्लॅशबॅक लागतो. इथे तो येत नाही.

हे दोन्ही आवडले तर ‘युन आफेर द फाम’ (1988) जोडीला ठेवा. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये चोरून गर्भपात करून देणाऱ्या बाईची गोष्ट आहे, खऱ्या खटल्यावर बेतलेली. तो खटला आधी वाचू नका. या बाईला गायिका व्हायचं असतं आणि त्यासाठी ती शिकवणीही लावते. तिच्या गाण्याची दृश्यं इकडची-तिकडची भर समजून पुढे ढकलू नका. तिचा हावरेपणा आणि भाबडेपणा दोन्ही तिथेच एकत्र दिसतात.

## 5. हसवणारी युपेर

हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि तिथेच चुकतात. तिचा विनोद पाहिला नाही तर गंभीर भूमिकांतली तिची तिरकस धार लक्षात येत नाही.

‘कोपाकाबाना’ (2010), दिग्दर्शक मार्क फितूसी. बाबू नावाची मोकळीढाकळी, रंगीबेरंगी कपड्यांतली, नोकरीत न टिकणारी आई. मुलीला तिची इतकी लाज वाटते की ती आईला स्वतःच्या लग्नाला बोलवायला तयार नाही. मग बाबू बेल्जियममधल्या ओस्टेंडला जाऊन, ऐन थंडीत, समुद्रकाठच्या फ्लॅटची टाइमशेअर (वर्षातले ठरावीक दिवस राहायचा हक्क) विकायला लागते. मुलीच्या भूमिकेत लोलिता शामा आहे, युपेरची खरी मुलगी. ही माहिती एकदा घ्या आणि सोडून द्या. प्रत्येक दृश्यात खऱ्या मायलेकी शोधत बसलात तर बाबू निसटेल. यात काही दडलेलं काळंबेरंही शोधू नका. चित्रपट हलका आहे आणि तसाच पाहायचा आहे. बाबू अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करते, एवढंच टिपा. पॉम आठवून पाहा, हीच नटी आहे यावर विश्वास बसणार नाही.

‘कू द तॉर्शों’ (1981) मात्र हलका नाही. बर्त्रां ताव्हेर्निएने एक अमेरिकन गुन्हेगारी कादंबरी उचलून 1938 च्या फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत नेली. फिलिप न्वारे गावचा कुचकामी पोलीस अधिकारी, युपेर त्याची रखेल रोझ. तोंडाळ, खिदळणारी, नवऱ्याच्या माराने पिचलेली आणि तरीही अजिबात दीन नसलेली बाई. तिचा वेग पाहा, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ही सुरू झालेली असते. वसाहतीतल्या गोऱ्यांची भाषा घाण आहे, ती तशीच ठेवली आहे. रोझवर आपण खुशाल हसत असतो आणि मग एका ठिकाणी ते हसू घशात अडकतं. ते कुठे, हे सांगत नाही. पण नेमक्या त्या दृश्यात युपेर तिचा सूर बदलते का, हे ऐका.

## 6. परक्या मुलखात

होंग सांग-सूचा ‘इन अनदर कंट्री’ (2012) लावा. दीड तासाच्या आतच संपतो. कोरियातलं मोहांग हे किनाऱ्यावरचं गाव, एक तरुणी वेळ घालवायला पटकथा लिहिते आणि तीन वेळा तीच गोष्ट नव्याने सुरू होते. तिन्हींत ॲन नावाची फ्रेंच बाई आहे आणि तिन्ही ॲन युपेरच आहे. लाइफगार्ड तोच, दीपगृहाची चौकशी तीच. बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

इथली चूक म्हणजे तिसऱ्या वेळी मोबाइल हातात घेणं, कारण ‘हे तर पाहिलंय’. पण ही पुनरावृत्तीच तुमच्या कामाची आहे. या यादीतल्या इतर कुठल्याच चित्रपटात एकाच नटीचे तीन पर्याय असे शेजारी-शेजारी मिळणार नाहीत. दीपगृह कुठे आहे, हे विचारण्याची प्रत्येक वेळची दृश्यं परत लावून पाठोपाठ पाहा. प्रश्न जवळपास तोच. विचारणारीला उत्तराची गरज किती, हे मात्र प्रत्येक वेळी वेगळं.

अजून एक हवा असेल तर क्लेर दनीचा ‘व्हाइट मटीरियल’ (2009). यादवी पेटलेल्या, नाव न सांगितलेल्या आफ्रिकी देशात कॉफीचा मळा सोडायला तयार नसलेली मारिया. कथा मागेपुढे उड्या मारते. पहिल्या अर्ध्या तासात काळाचा क्रम जुळवायच्या भानगडीत पडू नका, मारियाच्या चालण्याबरोबर जा.

## 7. ‘लाव्हनीर’ (2016), आणि लगेच ‘एल’

मिया हान्सन-लोव्हच्या चित्रपटातली नाताली तत्त्वज्ञान शिकवते. नवरा सोडून जातो, आई वेळी-अवेळी फोन करते, पुस्तकांचं प्रकाशकाशी जमत नाही, आणि पांडोरा नावाची लठ्ठ मांजर गळ्यात पडते. एवढं सगळं होऊनही मोठं रडण्याचं दृश्य येईल म्हणून वाट पाहू नका. बसमधलं दृश्य नीट पाहा. ती रडते आहे, खिडकीतून बाहेर नवरा त्याच्या नव्या बाईबरोबर दिसतो, आणि तिला हसू फुटतं. हे काही सेकंदांत होतं. परत लावा आणि रडणं कुठे संपलं, हसणं कुठे सुरू झालं ते बोटाने थांबवून दाखवायचा प्रयत्न करा. बहुतेक दोन वेळा दोन वेगळ्या ठिकाणी थांबाल.

आता ‘एल’. दोन्ही चित्रपट एकाच वर्षीचे. तो आधी पाहिला असेल तरी परत पाहा. कथेत बलात्कार आहे आणि तो टाळता येत नाही, हे धरूनच बसा. आधी जिथे तुम्हाला ‘थंडपणा’ दिसला होता, तिथे आता कदाचित नातालीचा व्यवहारीपणा, रोझची घाई आणि मिकाचं सौजन्य दिसेल. दिसलं नाही तर तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवा. ‘द पियानो टीचर’ त्यानंतर, आठवडाभराने.

## 8. पाच मिनिटं, तीन वेळा

हे प्रत्येक चित्रपटाला करायचं नाही. सातांपैकी जो सर्वांत कमी आवडला, त्याला करा. त्यातली सलग पाच मिनिटं निवडा, शक्यतो तिला फार संवाद नसलेली.

पहिल्यांदा सबटायटल्स बंद करून पाहा. वाचताना डोळा पडद्याच्या तळाशी असतो आणि ती वर काय करते ते सुटतं. अर्थ तुम्हाला आता माहीतच आहे.

दुसऱ्यांदा आवाज बंद. फक्त हात आणि चाल.

तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. फ्रेंच येत नसेल तर जास्तच चांगलं. ती कुठे थांबते, कुठे वाक्य गिळते, आवाज चढवण्याऐवजी कुठे उतरवते, हे शब्द कळत नसताना जास्त ठळक ऐकू येतं.

सावधान: हा क्रम उलटा करू नका. आधी ऐकलंत तर पुढच्या दोन्ही वेळा डोळे कानाने ठरवलेलंच शोधत बसतील.

## 9. इतरांना दाखवायचं असेल तर

‘ला दाँतलिएर’ने सुरुवात एकट्याने करायची असते, मंडळींसमोर नाही. चार माणसांत शांतता लवकर अवघडते आणि कोणीतरी विनोद करतो. गटासाठी ‘इन अनदर कंट्री’ घ्या. प्रास्ताविक दोन मिनिटांचं करा, त्यात पुरस्कारांची यादी नको. संपल्यावर "आवडला का?" असं विचारलंत की सगळे माना डोलावतात आणि चपला शोधायला लागतात. "तिन्हींतली कोणती ॲन खोटी वाटली?" असं विचारा, वाद लगेच सुरू होतो.

आणि सभागृहात दाखवणार असाल तर घरच्या सबस्क्रिप्शनवरून लावू नका. जाहीर खेळासाठी हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. ती काढायला वेळ जातो, म्हणून हॉलची तारीख पक्की करण्याआधीच पत्रव्यवहार सुरू करा.